घाटवाटेवरची जुनी धर्मशाळा पुन्हा गावाच्या वापरात कशी आणावी

आमच्या गावची धर्मशाळा पाटण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या देशावरच्या अंगाला आहे. सात खणांची. अडीच फूट उंच घडीव दगडाचं जोतं, तीन बाजूंना भिंती आणि रस्त्याच्या बाजूला लाकडी खांबांची उघडी ओसरी. चिपळूणकडून मीठ घेऊन वर येणारे आणि कऱ्हाडकडून धान्य, गूळ घेऊन खाली उतरणारे बैलवाले इथं मुक्कामाला थांबत. जोत्याच्या दगडात बैल बांधायच्या लोखंडी कड्या अजून आहेत. कडी वर्षानुवर्षं हलून हलून तिच्याखालच्या दगडाला अर्धगोल खाच पडली आहे. माझ्या लहानपणी इथं रेशनचं धान्य ठेवत, मग कुणाचा कडबा आला, मग कुलूप लागलं ते लागलंच.

ते कुलूप काढून सकाळची अभ्यासिका, दुपारी बचत गटाचं काम आणि आषाढीला कोकणातून येणाऱ्या दिंड्यांचा मुक्काम इथवर यायला आम्हाला चार हिवाळे लागले. त्यातले दोन नुसत्या अज्ञानात गेले. मी शाळेत शिकवते. बांधकामातलं मला काही कळत नव्हतं. तुमच्याही गावाच्या वेशीवर अशी एखादी धर्मशाळा, चावडी किंवा सराई पडून असेल आणि ती उभी करायची मनात असेल, तर आमची ती दोन वर्षं तुमची वाचावीत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी ठरवा: दार रोज कोण उघडणार?

पैसे, आराखडा, उद्घाटन हे सगळं नंतर. पहिल्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: काम पूर्ण झाल्यावर या दाराची किल्ली कोणाकडे असेल आणि तो माणूस रोज सकाळी इथं कशासाठी येईल? उत्तर मिळालं नाही तर कामाला हात घालू नका. दुरुस्त करून पुन्हा कुलूप लावलेली इमारत पडीक इमारतीपेक्षा लवकर जाते, कारण सगळे ती ‘झाली’ म्हणून विसरून जातात.

वापर ठरवताना इमारतीला काय झेपतं तेही बघा. धर्मशाळा बांधली ती चार पथाऱ्या पसरायला, चूल मांडायला आणि बसायला. तिथं वाचनालय, अभ्यासिका, शिवणवर्ग, आरोग्य शिबिर, वाटसरूंचा मुक्काम सहज बसतो. मंगल कार्यालय बसत नाही. आमच्याकडे लग्नाच्या हॉलचा आग्रह फार होता, कारण त्यात उत्पन्न दिसत होतं. पण दोनशे माणसांसाठी मधले खांब काढावे लागले असते आणि ते खांबच तर छप्पर धरून होते. हा वाद सुरुवातीलाच मिटवला म्हणून पुढचं निभावलं.

२. इमारत कोणाची, हे कागदावर शोधा

‘गावाची आहे’ हे उत्तर कुठल्याही कार्यालयात चालत नाही. धर्मशाळेच्या मालकीच्या साधारण चार तऱ्हा आढळतात.

एखाद्या सावकाराने किंवा घराण्याने बांधून धर्मादाय केलेली असेल, तर ती सार्वजनिक न्यासाच्या नावावर असू शकते. धर्मादाय आयुक्तांच्या विभागीय कार्यालयात नोंदवहीचा उतारा मागा. देवस्थानाला जोडलेली असेल तर देवस्थानाच्या मिळकतीत तिची नोंद सापडते. ब्रिटिश काळात लोकल फंडातून, म्हणजे १८६९ च्या कायद्यानंतर उभ्या राहिलेल्या निधीतून, रस्त्याकडेला बऱ्याच धर्मशाळा बांधल्या गेल्या. त्या पुढे जिल्हा लोकल बोर्डाकडे आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर त्यांच्याकडे गेल्या. आमची यातली निघाली. गावात कुणालाच ते माहीत नव्हतं. चौथी तऱ्हा खासगी मालकीची. तिथे वारसांची यादी करण्यापासून सुरुवात होते.

कागद हे गोळा करा:

- ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टी आकारणीचा उतारा)
- गावठाणाचं मालमत्ता पत्रक. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल तर ते भूमी अभिलेख कार्यालयात मिळतं
- जागा गावठाणाबाहेर असेल तर सातबारा आणि जुने फेरफार
- मोजणीची नक्कल
- न्यास असेल तर नोंदणीचा उतारा आणि सध्याच्या विश्वस्तांची नावं
- मालक संस्थेचं लेखी संमतीपत्र किंवा वापराचा करार
- ग्रामसभेचा ठराव, सह्यांसकट

न्यासाच्या बाबतीत एक अडचण नेहमी येते. नोंदवहीतले विश्वस्त केव्हाच वारलेले असतात आणि नव्या विश्वस्तांचा बदल अर्ज कुणी दिलेलाच नसतो. तो अर्ज मंजूर होईपर्यंत करारावर सही करायला अधिकृत माणूसच नाही. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार न्यासाची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तोंडी शब्दावर विसंबून पैसे घालू नका.

जवळपास संरक्षित स्मारक आहे का, तेही बघा. केंद्र संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित असतो आणि त्यापुढचा दोनशे मीटरचा पट्टा नियंत्रित. तिथे जुन्या इमारतीच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. इमारतच राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाशी बोलल्याशिवाय एक दगडही हलवायचा नाही. शहरात असाल तर महापालिकेच्या वारसा यादीत नाव आहे का आणि कोणत्या श्रेणीत आहे, ते पाहून घ्या.

आत कुणी राहत असेल, टपरी असेल, कडबा असेल, तर त्यांच्याशी सन्मानाने बोला. आमच्या ओसरीत एक आजोबा चपला शिवायला बसत. त्यांना उठवायचं असं काहींचं म्हणणं होतं. ते तिथंच राहिले, आणि काम चालू असताना आम्ही नसलो की लक्ष ठेवणारे तेच होते.

३. एक पूर्ण पावसाळा नुसतं बघा

ही पायरी सगळ्यांना टाळावीशी वाटते. आम्हीही टाळली आणि पहिला हिवाळा वाया घालवला.

जून ते सप्टेंबर दर आठवड्याला जा. वही, खडू आणि फोनचा कॅमेरा पुरे. पाणी कुठून टपकतं तिथं जमिनीवर खडूने गोल काढा, तारीख टाका. भिंतीवर ओल कुठवर चढली ती रेघ मारून ठेवा. रस्त्याचं पाणी कुठे वळतं ते पाहा. आमच्याकडे दर डांबरीकरणाला रस्ता थोडा थोडा वर चढत गेला होता आणि मागच्या अंगाला जोत्याचे दोन थर जमिनीखाली गेले होते. ओल छपरातून येते असं सगळे म्हणत होते. खरी येत होती ती खालून.

भिंतीला तडा असेल तर त्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून ठेवा. चार महिन्यांनी पट्टी अखंड असेल तर तडा जुना, थांबलेला. फुटली असेल तर भिंत अजून सरकते आहे. अशा वेळी जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याला बोलावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लाकूड तपासायला पेचकस घ्या. तुळईच्या मध्यावर नाही, टोकाला टोचा, जिथे ती भिंतीत शिरते तिथे. आमची तिसऱ्या खणाची तुळई बाहेरून गुळगुळीत, काळीशार, ठणठणीत दिसत होती. भिंतीजवळ पेचकस लावला तर मुठीपर्यंत आत गेला आणि ओढून काढल्यावर मागोमाग कॉफीच्या भुकटीसारखा भुसा सांडत राहिला.

४. जुनी माहिती मिळवा, शिलालेख घासू नका

मुंबई इलाख्याच्या जुन्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये गावागावांच्या नोंदीत धर्मशाळांचे उल्लेख आहेत. साताऱ्याचा खंड १८८५ चा आहे. मोडीतले कागद गावात कुणाच्या पेटाऱ्यात असतील तर फोटो काढून मोडी वाचकाला दाखवा. पेशवाईतली इमारत असेल तर पुणे अभिलेखागारात शोध घेता येतो. आणि म्हाताऱ्या माणसांना इमारतीत आणून बसवा. घरी विचारलं तर ‘काय आठवत नाही बाई’ म्हणतात, ओसरीवर टेकल्या की आठवायला लागतं.

दगडावर अक्षरं असतील तर ती घासू नका, आम्ल लावू नका, ऑइल पेंटने तर मुळीच रंगवू नका. रात्री बॅटरी अगदी कडेने, दगडाला समांतर धरा. उथळ अक्षरंही सावलीने उठून दिसतात. तसे फोटो जाणकाराला पाठवा.

कौलावरून वय ठरवताना जपून. मंगलोरी कौलांचे कारखाने बासेल मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू केले, त्यामुळे त्याआधीच्या इमारतीवर ती कौलं म्हणजे छप्पर नंतर बदललं हे नक्की. पण कौलावर उठवलेलं साल पुष्कळदा कारखाना सुरू झाल्याचं असतं, ते कौल भाजल्याचं नव्हे.

५. पैसा आणि माणसं

समिती लहान ठेवा. आमची सात जणांची होती, त्यात तीन बायका. संस्था नोंदवलेली असेल आणि देणग्यांसाठीची प्राप्तिकर खात्याची मान्यता (जी ८०जी म्हणून ओळखली जाते) असेल तर देणगीदारांना करात सवलत मिळू शकते. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी ऐतिहासिक वास्तूंच्या जीर्णोद्धाराला आणि सार्वजनिक ग्रंथालयांना देता येतो, कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ते स्पष्ट आहे. मात्र घेणाऱ्या संस्थेने सीएसआर-१, म्हणजे असा निधी घेण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे करायची नोंदणी, केलेली हवी.

सरकारी निधी आला तर आनंदच आहे, पण अंदाजपत्रक स्वतः वाचा. दरसूचीतून नेहमीच्या सवयीने बाबी उचलल्या जातात: सिमेंटचा गिलावा, स्लॅब, फरशी, पेव्हर ब्लॉक. एकदा मंजूर झालं की तेच करावं लागतं. कच्चा आराखडा असतानाच चुन्याचं काम आणि लाकडाची दुरुस्ती त्यात लिहून घ्या. ‘सौंदर्यीकरण’ हा शब्द दिसला तर त्याखाली नेमकं काय काय आहे ते विचाराच.

गवंडी आणि सुतार शोधताना त्यांनी केलेलं जुनं काम प्रत्यक्ष जाऊन बघा. काम शक्यतो रोजंदारीवर द्या, ठेक्यावर नको. जुन्या भिंतीत काय निघेल ते उघडल्यावरच कळतं, आणि ठेकेदाराला ते झाकण्यात फायदा असतो. रोजंदारीत मात्र तुमच्यापैकी कुणीतरी दिवसभर हजर हवं.

६. सुरुवात पाण्यापासून आणि छपरापासून

आधी पाणी बाहेर काढा. जोत्याभोवतीची साचलेली माती उपसा, मूळ जमिनीची पातळी गाठा आणि पाणी दूर नेणारा चर काढा. एवढ्या एका कामाने आमची मागची भिंत पुढच्या पावसाळ्यात निम्मी कोरडी राहिली, आणि त्याला फावड्यांखेरीज काही लागलं नाही.

मग छप्पर. दिवाळीनंतर सुरू करा. कौलं उतरवण्याआधी पूर्ण छपराला पुरेल एवढी ताडपत्री आणि दोर जागेवर आणून ठेवा. पहिल्या वर्षी आम्ही ‘नोव्हेंबरात कुठला पाऊस’ म्हणून उघडं छप्पर ठेवून घरी गेलो. रात्री अवकाळी आला. मातीच्या भिंतीचा वरचा दीड फूट सकाळी जमिनीवर होता. ती चूक माझी होती. ताडपत्री पुढच्या आठवड्यात आणू असं मीच म्हटलं होतं.

उतरवताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर त्याला केसासारखी चीर आहे. वासे, पट्ट्या, तुळया यांना खडूने क्रमांक द्या आणि कागदावर तसाच नकाशा काढा, म्हणजे परत त्याच जागी बसतील.

कुजलेली तुळई दिसली की पूर्ण बदलायचा सल्ला हमखास मिळतो. घाई करू नका. बहुतेक वेळा फक्त टोक गेलेलं असतं. तुळईला खालून धिरे देऊन, कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून, त्याच जातीच्या वाळलेल्या जुन्या लाकडाचा तुकडा तिरक्या जोडाने बोल्ट घालून बसवता येतो. आमच्या पाच तुळयांपैकी चार अशा वाचल्या. किती भार येतो ते अभियंत्याकडून तपासून घ्या, हे सुताराच्या अंदाजावर सोडू नका. नवं टोक भिंतीत बसवताना चारी बाजूंना बोटभर मोकळी जागा राहू द्या, लाकडाला हवा लागली पाहिजे. वाळवीसाठी बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी लाकडाला दोनतीनदा पाजा, वाळलं की जवसाचं तेल.

आणि आढ्याखालचा काजळीचा थर खरवडू नका. आमच्याकडे मजुरांनी एक खण घासून पांढरा केला, तेव्हा कळलं की उरलेल्या सहा खणांत जे काळं आहे ते वाटसरूंच्या चुलींचं आहे. मऊ ब्रशने धूळ झाडली, काजळी ठेवली.

७. भिंती: सिमेंट काढा, चुना लावा

या लेखातलं दुसरं काही पाळलं नाही तरी हे पाळा.

जुन्या भिंती दगड, माती आणि चुन्याच्या असतात. त्या ओल घेतात आणि सोडतात. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत येते पण बाहेर पडू शकत नाही. ती भिंतीतून वर चढते, लोणा म्हणजे पांढरा खार धरतो, आणि शेवटी तुळईच्या टोकाशी जाऊन बसते. आमच्या धर्मशाळेला पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी चांगल्या भावनेने सिमेंट लावलं होतं. वर सांगितलेला तो भुसा त्याचाच परिणाम.

सिमेंट काढायला छिन्नी आणि हलकी हातोडी वापरा, ब्रेकर मशीन नको. हादऱ्याने दगडांतली माती सुटते. काढल्यावर भिंत काही महिने उघडी वाळू द्या. आम्ही जानेवारीत काढलं आणि नवा गिलावा पुढच्या हिवाळ्यात केला. मधल्या पावसाळ्यात ओसरीला बाहेरून झडप्या लावल्या.

चुना तयार करताना:

- भट्टीतली ताजी चुनकळी, म्हणजे न विरलेला चुना, आणा. हवा लागून भुगा झालेली चालत नाही.
- टाकीत आधी पाणी भरा, मग कळी थोडी थोडी सोडा. पाणी उकळतं, शिंतोडे उडतात. डोळ्यांना चष्मा, हातमोजे आणि बूट हवेतच. मुलांना त्या दिवशी आवारात येऊ देऊ नका. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.
- विरलेला चुना गाळून पाण्याखाली मुरत ठेवा. आम्ही महिनाभर ठेवला. लोण्यासारखा झाला की वापरायला घ्या.
- एका भाग चुन्याला दोन ते तीन भाग धुतलेली वाळू. ओलीच्या जागी थोडी वाळू कमी करून विटांची भुकटी. आमचे गवंडी हिरडा आणि गूळ भिजवलेलं पाणी घालत. त्यांच्या हाताला जे प्रमाण ठाऊक आहे त्यात मी ढवळाढवळ केली नाही.
- आधी भिंतीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात हातभर नमुना लावा आणि तीन आठवडे थांबा. चिरा पडल्या तर वाळू वाढवा.

थर पातळ द्या, अर्ध्या इंचाच्या आत, आणि एक थर पुरेसा घट्ट झाल्यावरच दुसरा. वर ओली पोती टांगून दोनतीन आठवडे गारवा ठेवा. उन्हाळ्यात केलं तर चुना सुकतो, धरत नाही, आणि मग ‘चुन्यात दम नाही’ म्हणून लोक पुन्हा सिमेंटकडे वळतात. नोव्हेंबर ते जानेवारी हाच काळ.

शेवटी चुन्याचीच सफेदी. प्लास्टिक इमल्शन लावलंत तर वरची सगळी मेहनत फुकट.

८. वीज, संडास आणि उतार

वीज भिंत फोडून आत घालू नका. पाइपमधून भिंतीवरून, तुळईच्या कडेने न्या. विजेची गळती झाली की लगेच बंद पडणारा ब्रेकर बसवाच, लाकडी छपराखाली त्यात काटकसर नको. गॅसची शेगडी इमारतीबाहेर, वेगळ्या शेडमध्ये. संडास आणि पाण्याची टाकीही वेगळ्या, जोत्यापासून लांब.

उतार सगळे शेवटी आठवतात. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा हे प्रमाण, म्हणजे अडीच फूट जोत्याला तीस फूट लांबी. जागा आधीच राखून ठेवा. आम्ही तो बाजूने, जोत्याला न चिकटवता, सुट्या दगडांचा केला. उद्या काढला तरी जुन्या दगडावर ओरखडा नाही.

९. उघडल्यानंतरचं वर्ष

किल्ल्या दोन, दोन वेगळ्या घरांत. नोंदवही एकच. कुठल्या जातीचा, धर्माचा माणूस मुक्कामाला आला हे तिच्यात विचारायचं नाही, हे नियमात लिहूनच ठेवा. वापराचं शुल्क थोडं ठेवा पण ठेवा; आमचं त्यातून वीजबिल आणि झाडलोट भागते. देणगीदारांची नावं एका लाकडी फळ्यावर लिहा, भिंतीत संगमरवर बसवू नका.

देखभालीचं वेळापत्रक आमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलं आहे. वैशाखात शाकारणी: सरकलेली कौलं बसवणं, फुटलेली बदलणं, पन्हळ साफ. मृगाआधी चर उपसणं. श्रावणात खडू घेऊन एक फेरी. दसऱ्याला सफेदी, तुळयांची टोकं पेचकसाने तपासणं. यंदाच्या शाकारणीला अभ्यासिकेतली बारा मुलं आली होती. खाली उभी राहून प्रत्येक कौल पेराने वाजवून वर देत होती.